"मला काही उणे नाही" : कोणाकडे काहीच न मागणारा विश्वासणारा

तळ्याकाठी (धागाकर्ता)

सलाम मंडळी.

चर्चमध्ये गर्वावरचे संदेश (प्रवचनं) आपण लहानपणापासून ऐकत आलोय. त्यातला गर्विष्ठ माणूस ठरलेला असतो. पुढच्या बाकावर बसणारा, पंख्यावर स्वतःच्या नावाची पाटी लावून घेणारा, प्रार्थनेला उभा राहिला की खाली न बसणारा. तो एकदा सापडला की बाकीचे आपण सुटलो.

मला बोलायचंय ते वेगळ्याच माणसाबद्दल. तो मागे बसतो, गाजावाजा करत नाही, कोणाच्याही अडीअडचणीला पहिला धावतो आणि स्वतःसाठी कधीच कोणाकडे काही मागत नाही. ना पैसे, ना वेळ, ना प्रार्थना. आपण त्याला 'किती नम्र माणूस' म्हणून डोक्यावर घेतो. मला वाटतं, मंडळीतला (म्हणजे चर्चच्या समुदायातला) सगळ्यात मुरलेला गर्व त्याच्यापाशीच असतो.

बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायातली लावदिकीयाची मंडळी आठवा. "मी श्रीमंत आहे, मला काही उणे नाही" हे तिचं म्हणणं. हे शहर आजच्या तुर्कस्तानात, देनिझलीजवळ. सावकारी पेढ्यांचा पैसा, काळी लोकर आणि डोळ्यांचं औषध यांसाठी हा भाग प्रसिद्ध. इ.स. ६० मध्ये भूकंपाने शहर कोसळलं, तेव्हा रोमकडून एक छदाम न घेता ते आपल्या बळावर पुन्हा उभं राहिलं, अशी नोंद टॅसिटस या रोमन इतिहासकाराने केली आहे. आता प्रभू या मंडळीला काय विकत घ्यायला सांगतो ते बघा: अग्नीत शुद्ध केलेलं सोनं, पांढरी वस्त्रं, डोळ्यांत घालायला अंजन. ज्या तीन गोष्टींत त्या शहराचा हात कोणी धरू शकत नव्हतं, नेमक्या त्याच!

शहर स्वतःच्या पैशाने बांधलं हा काही गुन्हा नव्हे. पण गावाचा तोरा मंडळीच्या आत शिरला, आणि देवापुढे उभं राहतानाही तोच सूर लागला.

दुसरा दाखला येशूचा शिष्य पेत्र याचा. येशू शिष्यांचे पाय धुवायला लागला तेव्हा तो म्हणाला, "तुम्हांला माझे पाय कधीही धुवायचे नाहीत," हे वाक्य वरवर किती नम्र वाटतं! येशूचं उत्तर मात्र कडक आहे: मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. सेवा करायला पेत्र एका पायावर तयार होता. अडलं ते सेवा करून घेण्याशी.

आता आपल्या घरांकडे या. नगर, जालना, नाशिक या भागातल्या आपल्या कितीतरी घराण्यांचा बाप्तिस्मा दुष्काळाच्या आगेमागे झालेला. १८७६-७८, १८९६-९७, मग १८९९-१९००. त्यानंतर चार पिढ्यांनी एकच टोमणा ऐकला, "पोटासाठी बाटले." माझ्या आजोबांनी तो ऐकला, वडिलांनीही. त्यातून घराचा एक नियम झाला, 'कोणापुढे हात पसरायचा नाही'. बाहेरच्यांसाठी केलेला हा नियम आपण आत, भावाबहिणींमध्ये आणि देवापुढेही तसाच चालवला. तो आता मोडायची वेळ आली आहे, असं माझं मत. तुमचं काय?

---

मार्था_नाशिकरोड

विषय काढलात ते बरं झालं. आमच्या बुधवारच्या घरगुती प्रार्थनेचं सांगते.

आमच्याकडे विनंत्यांची एक वही आहे. लाल पुठ्ठ्याची, दोन रकाने: 'विनंती' आणि 'आभार'. ती माझ्याकडे असते. कोणाचं ऑपरेशन, कोणाच्या मुलीचं लग्न जमत नाही, कोणाचा कोर्टात दावा. एक काका मात्र नेहमी दुसऱ्या रकान्यात. "माझं काही नाही ताई, प्रभूची कृपा आहे. आभार लिहा." हे काका म्हणजे मंडळीचा उजवा हात. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात रात्री अडीचला ॲम्ब्युलन्स त्यांनी आणली, दफनभूमीची पावती त्यांनी फाडली, तिसऱ्या दिवशी पोह्यांचं पातेलं घेऊन दारात तेच.

एकदा त्यांच्याकडे डबा परत करायला गेले. काकू घरात नव्हत्या, म्हणून मीच ओट्यापाशी ठेवायला आत गेले, तर फ्रिजवर चुंबकाखाली डायलिसिसचं कार्ड. आठवड्यातून दोनदा, शिक्क्यांनी भरलेलं. बुधवार हा त्यातलाच एक वार. म्हणजे हा माणूस सकाळी मशीनवर पडून संध्याकाळी आमच्यात येऊन 'आभार लिहा' सांगत होता!

मला दया नाही आली, खरं सांगते. राग आला. माझ्या आईसाठी त्यांनी जे केलं ते मी घेतलं, लाज न बाळगता घेतलं. मग माझ्याकडून साधी प्रार्थनासुद्धा त्यांना का चालू नये? आमची बरोबरी नाही का?

---

सुवार्ता_एक्सप्रेस

धागाकर्त्याशी +१. याकोब ४:६. देव गर्विष्ठांना विरोध करतो. फिलिप्पैकरांस ४:१३ ("मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे") माझ्या रिक्षाच्या मागे लिहिलंय, रोज तेच वाचून निघतो. आमेन.

---

प्रश्नचिन्ह

मी या धाग्याशी अजिबात सहमत नाही आणि आडपडदा न ठेवता लिहितो.

'हात पसरायचा नाही' या नियमाला तुम्ही गर्व म्हणताय. तो कोणी केला? ज्यांना पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या ओसरीखाली उभं राहून वरून टाकलेली भाकर झेलावी लागली, त्यांनी. नगर-जालन्याकडची आपली बहुसंख्य माणसं महार-मांग वस्तीतून आलेली आहेत, हे आपण सगळे जाणतो आणि बोलत नाही. बलुत्यासाठी मागणं हे ज्यांचं 'काम' ठरवलं होतं, त्यांच्या नातवाने ताठ मानेने 'मला काही नको' म्हटलं तर त्याला लावदिकीयाच्या सावकारांच्या पंक्तीला बसवायचं? लावदिकीयाकडे पेढ्या होत्या. माझ्या आजीकडे मिशनच्या दवाखान्यातली झाडलोट होती.

दुसरं. प्रेषित पौल पोटासाठी तंबू शिवायचा (प्रेषितांची कृत्ये १८:३). करिंथकरांवर भार टाकला नाही हे तो अभिमानाने सांगतो. 'ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये' हेही त्याचंच. त्याला गर्विष्ठ म्हणणार का?

तिसरं आणि मुख्य. मंडळीत 'गर्व' हा शब्द कोणासाठी वापरला जातो? हिशेब मागणाऱ्यासाठी. मी एका मंडळीत (नाव सांगत नाही) जमिनीच्या व्यवहाराची कागदपत्रं मागितली, तर पुढच्या रविवारी संदेशाचा विषय 'शौलाचा गर्व' (शौल म्हणजे बायबलमधला देवाचं न ऐकणारा राजा). पाळकांसमोर मान खाली घातली तर नम्र, वर केली तर शौल. अशा ठिकाणी 'देवावर अवलंबून राहा' याचा अर्थ व्यवहारात 'आमच्यावर अवलंबून राहा' असाच होतो.

---

केडगाव_मेल

प्रश्नचिन्ह यांच्या तिसऱ्या मुद्द्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण पंडिता रमाबाईंचं नेमकं हेच झालं होतं.

२९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. वय पंचवीस. पुढची दोन-तीन वर्षं तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन आणि रमाबाई यांच्यात जो पत्रव्यवहार झाला तो आज छापलेला मिळतो, वाचाच. रमाबाई त्रैक्यावर (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीवर) प्रश्न विचारतात म्हणून गर्विष्ठ. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायला त्यांची हरकत नाही (बिशप लोकांची होती!) म्हणून हट्टी. कहर म्हणजे शाकाहार सोडत नाहीत, अंडं घातलेलं पुडिंग खात नाहीत, म्हणजे जातीचा अहंकार अजून गेला नाही!

यावर बाईंनी दिलेलं उत्तर माझं अतिशय आवडतं. आशय असा: खुशाल शोधा माझा गर्व 'पाय' या इंग्रजी पक्वान्नात आणि पुडिंगमध्ये, लोण्यादुधात, पाण्यात आणि भातात, बुटांत आणि मोज्यांत, मी रोज जाळते त्या ढीगभर कोळशातसुद्धा. दुसऱ्या एका पत्रात त्या स्पष्ट लिहितात की मला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, मन आहे, निर्णयशक्ती आहे. एका गुलामगिरीतून सुटून दुसरीत जायला त्या तयार नव्हत्या.

इथवर प्रश्नचिन्ह यांना टाळ्या. पण गोष्ट इथे संपत नाही. १९०७ मध्ये छापलेल्या आपल्या साक्षीत याच रमाबाई म्हणतात की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षं! एवढी विद्वान बाई, संस्कृत तोंडपाठ, कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेली, विधवांसाठी शारदा सदन काढून चालवून दाखवलेली. ती सांगते की मी पुस्तकातून, विचारातून, स्वतःच्या धडपडीने त्याच्यापर्यंत पोहोचू बघत होते आणि पोहोचत नव्हते.

मला यात गंमत वाटते ती क्रमाची. जेराल्डिनबाईंच्या दटावणीने ही कबुली आली नाही. कोणाच्याही धाकाखाली नसताना, स्वतःची संस्था स्वतः चालवत असताना आली. आणि त्यानंतर केडगावात त्यांनी काय केलं? तिथल्या त्यांच्या मुक्ती या संस्थेचं 'प्रेयर बेल' नावाचं इंग्रजी पत्रक निघायचं. इथे काय चाललंय, कशाची गरज आहे, कशासाठी प्रार्थना करा, हे जगभरच्या लोकांना उघड सांगितलेलं. पुडिंगवरून न वाकलेली बाई मागायला मात्र लाजली नाही.

---

आगाशीकर

आम्ही वसईचे कॅथलिक, त्यामुळे 'विश्वासणारा' वगैरे तुमची भाषा थोडी परकी, पण विषय आमचाही.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त फादर गमतीने म्हणायचे, "चाळीस वर्षं लोकांची पापं ऐकली, चोरी ऐकली, व्यभिचार ऐकला, सासूला दिलेल्या शिव्या ऐकल्या. 'फादर, मी गर्विष्ठ आहे' म्हणणारा अजून यायचाय." राखेच्या बुधवारी कपाळावर 'तू माती आहेस' घेऊन बाहेर पडतो आणि पार्किंगमध्ये गाडी कोणाची मोठी ते बघतो. चालायचंच.

वाद मात्र पुरातन आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलागियस नावाचा ब्रिटनकडचा एक तपस्वी रोममध्ये राहत होता. संत ऑगस्टीनची एक प्रार्थना त्याच्या कानावर पडली. अर्थ असा की देवा, तू जी आज्ञा देतोस ती पाळायचं बळही तूच दे, मग हवी ती आज्ञा कर. पेलागियस भडकला. अशाने लोक आळशी होतील, देवाने इच्छाशक्ती दिली आहे ती वापरा की! इ.स. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने त्याची शिकवण नाकारली. पण तो ढोंगी नव्हता बरं. कडक, प्रामाणिक, साधा राहणारा माणूस होता, आणि माझ्या मते हीच अडचण. बेशिस्त माणसाला आपल्याला देवाची गरज आहे हे लवकर कळतं. पहाटे पाचला उठणाऱ्याला उशिरा.

अवांतर: त्या रिक्षावाल्या दादांना विचारा, ४:१३ च्या पुढचं वचन माहीत आहे का?

---

सुवार्ता_एक्सप्रेस

आगाशीकर, टोमणा कळला. आत्ताच स्टँडवर बसून वाचलं. "तरी माझ्या संकटात तुम्ही सहभागी झालात हे चांगले केले." पुढे पौल त्यांनी पाठवलेल्या मदतीबद्दलच बोलतोय. तुरुंगात होता तेव्हा फिलिप्पैकरांनी सामान पाठवलं होतं ना. एवढी वर्षं मी हे वचन 'माझं मी बघून घेईन' या अर्थाने लावून फिरतोय की काय! पण वचन काढणार नाही हं, पेंटरला पैसे दिलेत.

---

तळ्याकाठी (धागाकर्ता)

सगळ्यांना एकत्र उत्तर देतो.

प्रश्नचिन्ह, तुमचा पहिला मुद्दा जड आहे, आणि तो बाजूला सारून या विषयावर बोलताच येणार नाही. सक्तीने मागायला लावणं आणि आपणहून मागणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बलुतं मागणारा आणि देणारा एका पंगतीत बसत नव्हते. मी म्हणतोय ते फक्त एका पंगतीतल्या लोकांबद्दल. मार्थाताईंचा शेवटचा प्रश्न पुन्हा वाचा, "आमची बरोबरी नाही का?" देणारा कायम एकच राहिला की तो आपोआप उंचावर जातो, त्याने कितीही मान खाली घातलेली असो. जुन्या ओसरीवर पाटील उभा होता. मंडळीत नवी ओसरी होऊ नये, आणि झालीच तर तिच्यावर आपण उभे नको. तुमच्या आजीच्या ताठ मानेला मी गर्व म्हणणार नाही. तिच्या नातवाने डायलिसिस लपवलं तर मात्र म्हणेन.

पौल तंबू शिवायचा, बरोबर. पण करिंथकरांकडून घेतलं नाही तोच फिलिप्पैकरांकडून घेतो, आणि 'देण्याघेण्यात' तुम्ही माझे भागीदार झालात म्हणून आनंद करतो. कुठे घ्यायचं आणि कुठे नाही हे तो ठरवत होता. कधीच घ्यायचं नाही असा त्याचा बाणा नव्हता. गलतीकरांच्या सहाव्या अध्यायात तर 'एकमेकांची ओझी वाहा' आणि 'प्रत्येकाने आपला भार वाहावा' ही दोन्ही वाक्यं तीन वचनांच्या अंतरावर आहेत, आणि पौलाला त्यात काही विसंगत वाटत नाही.

तिसऱ्या मुद्द्यावर तुम्ही पूर्ण बरोबर आहात. कागद मागणाऱ्याला शौल ठरवणारा पाळक हाच त्या गोष्टीतला शौल.

---

जुना_खजिनदार

पैशाच्या बाजूने चार शब्द, कारण स्वावलंबनाचं खूळ आपल्या मंडळ्यांत मुळात चांगल्या हेतूने आलं, हे इथे कोणी लिहिलं नाही.

अमेरिकन मराठी मिशनचं मुंबईतलं काम १८१३ चं, नगरचं १८३१ चं. त्या मिशनच्या बोस्टनमधल्या बोर्डाचे सेक्रेटरी रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात पाहणीला आले. इंग्लंडमधले हेन्री व्हेन आणि हे अँडरसन, दोघांचा आग्रह एकच: इथली मंडळी स्वतःच्या पैशावर चालली पाहिजे, स्वतःचा कारभार तिने स्वतः केला पाहिजे, सुवार्ता स्वतः सांगितली पाहिजे. परदेशी पगारावर उभी राहिलेली मंडळी पगार थांबला की बसते, हे त्यांना दिसत होतं. यात कसला गर्व?

आपले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकही याच दुखण्यावर बोट ठेवत. १८९५ ला बाप्तिस्मा, मग बरीच वर्षं मिशनची नोकरी, आणि १९१७ मध्ये ती सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार'. १९१९ मध्ये ते गेलेच. त्यांना गोऱ्या साहेबाच्या हाताखालून बाहेर पडायचं होतं, पण एकट्याचं संस्थान थाटायचं नव्हतं. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांना एका बंधुत्वात आणायचं होतं. मिशनरी लोकांपैकी काहींना तेव्हा हा टिळकांचा अहंकार वाटलाही असेल. मला वाटत नाही.

मंडळीने परदेशावर अवलंबून राहू नये, ही अँडरसनची गोष्ट. मंडळीतल्या माणसाने शेजाऱ्यावर अवलंबून राहू नये, ही आपण मागाहून जोडलेली. पहिलीचा निकाल १८५५ च्या सुमारास लागला, दुसरीचा आता लावू.

त्यासाठी पाळकांच्या संदेशाची फारशी गरज नाही, मदतनिधीची पद्धत बदलली तरी पुष्कळ. आमच्याकडे पूर्वी मदतीचा अर्ज पेस्टोरेट कमिटीत (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीत) मोठ्याने वाचला जायचा. नाव, रक्कम, कारण, सगळं. अकरा जणांसमोर. त्यातल्या दोघांच्या बायका संध्याकाळपर्यंत आख्ख्या कॉलनीला सांगायच्या. मग कोण अर्ज करेल? कोणी करायचं नाही, आणि आम्ही वार्षिक सभेत फुशारकीने सांगायचो की यंदाही निधी शिल्लक! आता अर्ज पाळक आणि एक वडील (मंडळीतला ज्येष्ठ पदाधिकारी), दोघांनीच पाहायचा. कमिटीपुढे फक्त एकूण रक्कम आणि पावत्यांचे क्रमांक. तपासनिसाला सगळं उघडं. पहिल्याच वर्षी निधी संपला. काही जण कुरकुरले. मी तर ते यश धरतो.

---

प्रश्नचिन्ह

खजिनदार साहेब, हे पटलं. निदान यात कोणाच्या मनात गर्व किती आहे ते मोजायचं काम नाही. पण एक विचारतो. त्या दोघांपैकी एक पाळक. त्यांची स्वतःची अडचण असेल तर ते अर्ज कोणाकडे देतात?

---

मार्था_नाशिकरोड

आता कसं बोललात! आमच्या पाळकांचं नावही वहीत कधी 'विनंती'च्या रकान्यात आलेलं नाही. आत्ता उठून चाळून पाहिलं.

काकांचं विचारलंत कोणी नाही, तरी सांगते. मी त्यांना सरळ म्हटलं, "काका, येत्या बुधवारी तुमचं नाव मी विनंतीत लिहिणार." ते म्हणाले, "नको, लोक उगाच काळजी करतील." मी म्हटलं, करू देत. अजून हो म्हणाले नाहीत. काकू मात्र हो म्हणाल्यात, आणि गाडीसाठी दोघा मुलांची पाळी लावून दिली आहे. काका मागच्या सीटवर बसून सगळा वेळ पेट्रोलचे पैसे देण्यावरून भांडतात म्हणे.

---

जुना_खजिनदार

प्रश्नचिन्ह, प्रामाणिक उत्तर: आमच्या नियमात ती सोयच नाही. डायोसिसकडे (बिशपच्या हाताखालच्या प्रांताकडे) पाळकांसाठी निधी आहे, पण तो अर्ज वरिष्ठांकडे जातो, आणि बदल्या त्यांच्याच हातात. म्हणजे अर्ज कोण करणार हे उघड आहे. पुढच्या कमिटीत विषय घेतो. मंडळीतल्या दोन वडिलांकडे अर्ज देता यावा असा ठराव मांडता येईल. मसुदा करून इथेच टाकतो, तुम्ही खोड्या काढा, त्यात तुम्ही तरबेज आहात.